सीटी, एमआरआय आणि पेट एकमेकांवर बसवताना: मेंदूच्या स्कॅनची आपोआप जुळवणी

एकाच माणसाच्या डोक्याचे सीटी, एमआरआय आणि पेट असे तीन स्कॅन हातात आले, की मेंदू तोच असूनही तिन्हींमध्ये तो वेगळ्या जागी, वेगळ्या कोनात आणि वेगळ्या बारकाईने आलेला दिसतो. सीटीत कवटी पांढरीशुभ्र असते, टी१ प्रकारच्या एमआरआयमध्ये तीच काळी असते, आणि एफडीजी (साखरेसारखे किरणोत्सारी द्रव्य) वापरलेल्या पेटमध्ये ती जवळजवळ दिसतच नाही. सीटीतला एखादा बिंदू एमआरआयमध्ये नेमका कुठे पडतो हे संगणकाने स्वतः शोधायचे, या कामाला रजिस्ट्रेशन म्हणतात. पुढे आपण त्याला जुळवणीच म्हणू.

एक गोष्ट आधीच लक्षात ठेवा. जुळवणीचे सॉफ्टवेअर कधीही ‘मला जमले नाही’ असे म्हणत नाही. दोन वेगळ्याच माणसांची डोकी दिली, किंवा एक स्कॅन आरशातल्यासारखा उलटा दिला, तरी ते मुकाट्याने गणित करते आणि एक मॅट्रिक्स, म्हणजे एक प्रतिमा दुसरीवर कशी सरकवायची-फिरवायची हे सांगणारा आकड्यांचा तक्ता, हातात ठेवते. त्यामुळे खरे कष्ट गणिताच्या आधी आणि नंतर असतात. मधले गणित साध्या लॅपटॉपवरही काही मिनिटांत उरकते.

इथे फक्त एकाच व्यक्तीचे, निरनिराळ्या यंत्रांवर काढलेले स्कॅन धरले आहेत. संशोधनासाठी मोफत मिळणारी नेहमीची साधने म्हणजे अँट्स, एफएसएलमधले फ्लर्ट, एसपीएम आणि थ्रीडी स्लायसर. यातले कोणतेही चालेल, पण एक धरा आणि त्याच्या सवयी नीट ओळखून घ्या. शस्त्रक्रियेची आखणी किंवा रेडिएशनचा डोस यांसाठी मात्र रुग्णालयातली मान्यताप्राप्त प्रणालीच वापरायची.

१. कोण स्थिर, कोण हलणार

जुळवणीत एक प्रतिमा जागेवर राहते आणि दुसरी तिच्यावर आणून बसवली जाते. स्थिर म्हणून बहुतेक वेळा त्रिमितीय टी१ एमआरआय निवडावा. त्याचे व्हॉक्सेल (प्रतिमेचे लहान त्रिमितीय ठोकळे) साधारण १ मिमीचे आणि तिन्ही दिशांना सारखे असतात, शिवाय मऊ ऊतींच्या कडा त्यात स्पष्ट दिसतात. नेहमीच्या सीटीत कापांमधले अंतर ५ मिमीपर्यंत असू शकते. पेटचे व्हॉक्सेल २ मिमीचे दिसले तरी त्याची खरी बारकाई ४ ते ६ मिमीच्या आसपास असते.

याला एक महत्त्वाचा अपवाद आहे. मेंदूत बसवलेल्या इलेक्ट्रोडची जागा सीटीवरून शोधायची असेल, तर पातळ कापांचा सीटी एमआरआयच्या व्हॉक्सेलच्या जाळीवर ओतू नका. इलेक्ट्रोडचा एकेक संपर्कबिंदू जेमतेम दीड मिलिमीटरचा असतो, आणि १ मिमीच्या जाळीवर तो पसरट ठिपका होतो. अशा वेळी इलेक्ट्रोडचे बिंदू मूळ सीटीवरच टिपावेत आणि फक्त त्यांचे निर्देशांक मॅट्रिक्समधून पलीकडे न्यावेत. प्रतिमा पुन्हा नमुनित करण्याची, म्हणजे नव्या जाळीवर तिचे आकडे नव्याने काढण्याची, त्यासाठी गरजच नसते.

२. डायकॉममधून निफ्टीत

यंत्रातून डायकॉम फायली येतात, तर बरीचशी संशोधन-साधने निफ्टी फाइल मागतात. रूपांतरासाठी डीसीएमटूनिक्स वापरा. त्याआधी योग्य सीरिज निवडणे हे या टप्प्यातले अर्धे काम आहे. एका सीटी तपासणीच्या फोल्डरमध्ये स्काउट प्रतिमा (आखणीसाठी आधी घेतलेली), मऊ ऊतींसाठीचे काप, हाडांसाठीचे धारदार काप आणि तंत्रज्ञाने वेगळ्या कोनात बनवलेले काप असे सगळे एकत्र पडलेले असते. जुळवणीला मऊ ऊतींचे, सर्वांत पातळ काप घ्या. हाडांसाठीच्या धारदार कापांत (हाडांच्या कर्नेलमध्ये) मेंदूच्या भागात इतका गोंगाट असतो की आतले वेटोळे त्यात हरवतात.

रूपांतर झाल्यावर तीन गोष्टी हाताने तपासायच्या.

पहिली, काप पूर्ण आहेत का. कॉपी करताना दोन-चार फायली गळाल्या तर त्या ठिकाणी डोके बुटके होते, आणि बऱ्याचदा त्यासोबत आलेला इशारा कोणी वाचत नाही.

दुसरी, सीटीचे आकडे खरे हाउन्सफील्ड एककांत (सीटीची घनता मोजण्याच्या एककांत) आहेत का. कवटीबाहेरच्या हवेवर कर्सर ठेवा, सुमारे −१००० दिसले पाहिजे. मेंदूच्या पोकळ्यांतल्या द्रवावर ० ते १५ च्या दरम्यान काहीतरी यायला हवे. हवेवर ० आणि द्रवावर हजाराच्या पुढचा आकडा दिसला, तर हेडरमधली (फाइलच्या माहितीच्या भागातली) वजाबाकी लागू झालेली नाही असे समजा. काही यंत्रे गोल दृश्यक्षेत्राबाहेरच्या कोपऱ्यांत −२००० किंवा −३०२४ असे भरताड आकडे ठेवतात. ते −१०२४ वर आणून टाका, नाहीतर पुढे हिस्टोग्राम (कोणते आकडे किती वेळा येतात त्याची मोजणी) बिघडतो.

तिसरी, गॅन्ट्रीचा, म्हणजे सीटी यंत्राच्या गोल कड्याचा, तिरपेपणा. नवख्यांना सगळ्यात जास्त हीच गोष्ट फसवते. डोळ्यांना किरण लागू नयेत म्हणून डोक्याच्या सीटीत कधी कधी गॅन्ट्री तिरपी केलेली असते. काप तिरपे, पण टेबल सरळ पुढे सरकते. त्यामुळे काप एकमेकांवर रचले की डोके सरकलेल्या पत्त्यांच्या जुडीसारखे कलते. तिरपेपणा १५° आणि डोक्याची उंची १५० मिमी धरली, तर तळ आणि माथा यांत ४० मिमीची सरक येते. ही सरक फिरवून आणि सरकवून कधीच जात नाही. डीसीएमटूनिक्स अशी सीरिज ओळखते आणि सरळ केलेली वेगळी फाइल देते, तिच्या नावात ‘टिल्ट’ असा शब्द असतो. पुढे तीच फाइल वापरायची. दोन्ही फायली शेजारीशेजारी पडलेल्या असतात आणि घाईत पहिली उचलली जाते.

३. डावे-उजवे

डायकॉममध्ये पहिला अक्ष रुग्णाच्या डाव्या बाजूकडे वाढतो, निफ्टीत उजवीकडे. दुसरा अक्ष डायकॉममध्ये पाठीकडे, निफ्टीत पुढे. चांगली साधने हा फरक स्वतः सांभाळतात. घोटाळा होतो तो कोणीतरी मध्येच पिक्सेलचे आकडे काढून, स्वतःच्या कोडने नवी फाइल लिहिली आणि हेडर कोरे ठेवले, तेव्हा.

हा घोटाळा इतका घातक ठरतो, कारण मेंदू जवळजवळ सममित आहे. उलटा झालेला स्कॅनही सरळ स्कॅनवर छान बसतो, जुळणीला गुण देणाऱ्या मापदंडाचा आकडाही बरा येतो, आणि नुसते पाहून काही कळत नाही. म्हणून जुळवणीच्या आधी, मूळ डायकॉम एका विश्वासू दर्शकात उघडा आणि एखादी असममित खूण शोधा: एका बाजूची गाठ, जुना व्रण, एकीकडे मोठी असलेली कपाळातली हवेची पोकळी. तीच खूण निफ्टी फाइलमध्ये त्याच बाजूला आहे का ते पाहा. नवा अभ्यास आखत असाल तर एमआरआयच्या वेळी उजव्या कानशिलावर ई-जीवनसत्त्वाची कॅप्सूल चिकटवायची पद्धत आहे. ती टी१ वर चमकते आणि पुढचा सगळा वाद मिटतो.

निफ्टीच्या हेडरमध्ये जागा सांगणारी दोन वेगळी खाती असतात, एस-फॉर्म आणि क्यू-फॉर्म. दोन्ही सारखी नसतील तर एक साधन एकाचे ऐकते आणि दुसरे साधन दुसऱ्याचे. मग एका दर्शकात सुरेख जुळलेली जोडी दुसऱ्यात वाकडी दिसते. अशी विसंगती सापडली तर आधी ती मिटवा, मगच पुढे जा.

४. प्रतिमा जुळवणीयोग्य करणे

एमआरआय: कॉइलच्या (सिग्नल टिपणाऱ्या वेटोळ्याच्या) जवळचा भाग उजळ आणि लांबचा मंद दिसतो. ही असमानता एन४ पद्धतीने काढून टाका. बाजूच्या कापांचा टी१ असेल तर त्यात मान खालपर्यंत येते. एफएसएलमधल्या रोबस्टएफओव्हीसारख्या साधनाने ती कापा. दोन स्कॅनच्या वेळी मान वेगळ्या कोनात वाकलेली असते, आणि जबडाही कवटीपासून स्वतंत्रपणे हलतो. तोंड एकदा उघडे, एकदा मिटलेले असेल तर जुळवणी जबड्याला खूश करण्यासाठी मेंदू सरकवते.

सीटी: टेबल आणि डोक्याचा आधार काढून टाका, कारण एमआरआयमध्ये ते नसतातच. सगळ्यात सोपी रीत म्हणजे मोठ्यात मोठा सलग भाग ठेवायचा आणि बाकीचे हवेइतके करायचे. आधार डोक्याला चिकटलेला असेल तर थोडे कोरून मग भाग मोजावे लागतात.

यानंतर आकड्यांची मर्यादा घाला. का, ते गणितातून पाहा. कच्च्या सीटीत आकडे −१०२४ ते ३०७१ पसरलेले असतात. जुळवणीचा हिस्टोग्राम बहुधा ३२ कप्प्यांचा असतो. म्हणजे एकेका कप्प्यात १२८ एकके. द्रव, पांढरे द्रव्य आणि करडे द्रव्य हे सगळे मिळून जेमतेम ० ते ४५ च्या दरम्यान असतात. अख्खा मेंदू एकाच कप्प्यात! गणिताला मेंदूतले काहीच दिसत नाही, फक्त हाड आणि हवा दिसते. आकडे ० ते १०० मध्ये दाबले की एकेक कप्पा सुमारे ३ एककांचा होतो आणि पोकळ्यांच्या कडा कामाला येतात. हाड तरीही १०० वर, हवा ० वर, म्हणून कवटीची कडही हरवत नाही. पण इतक्या बारीक कप्प्यांत सीटीचा गोंगाटही शिरतो, त्यामुळे दाबल्यानंतर १ मिमी सिग्माचे गॉसियन स्मूदिंग (हलका धूसरपणा) द्या. ही दाबलेली, स्मूद केलेली प्रत फक्त मॅट्रिक्स शोधण्यासाठी. शेवटी मॅट्रिक्स लावायचे ते मूळ सीटीला.

कवटी काढायची की ठेवायची? सीटी आणि टी१ जुळवताना आम्ही ठेवतो. कवटी कठीण असते आणि तिची कड फिरण्याचा कोन पक्का पकडून देते. पेट आणि टी१ जुळवताना एमआरआयची कवटी काढलेली बरी, कारण पेटमध्ये टाळूवरचे आणि कवटीबाहेरचे सिग्नल बेभरवशाचे असतात. कवटी काढण्यासाठी सिंथस्ट्रिप हे साधन एमआरआय, सीटी आणि पेट तिन्हींवर चालते. जुने बेट हे साधन वापरायचे तर ते वर सांगितल्याप्रमाणे दाबलेल्या सीटीवर चालवा आणि त्याचा तीव्रतेचा उंबरठा ०.०१ इतका खाली ठेवा.

ओळख लपवण्यासाठी एका स्कॅनचा चेहरा कापलेला आणि दुसऱ्याचा शाबूत, असे असेल तर दोन्हींना मेंदूचे मास्क (फक्त मेंदूचा भाग निवडणारी प्रतिमा) लावून जुळवा. नाहीतर कापलेली सपाट कड हीच एक ठळक खूण होऊन बसते.

पेट: गतिमान पेटमध्ये अनेक फ्रेम (एकामागून एक घेतलेल्या प्रतिमा) असतात. स्कॅन दहापंधरा मिनिटांचा असो की तासाभराचा, डोके थोडे हलतेच. आधी फ्रेम एकमेकांशी जुळवा, मग त्यांची सरासरी काढा आणि ती सरासरी टी१ शी जुळवा. एकेक फ्रेम थेट टी१ शी जुळवायचा मोह टाळा, सुरुवातीच्या छोट्या फ्रेममध्ये तेवढा सिग्नलच नसतो. एक दोष मात्र इथे दुरुस्त होत नाही: पेट-सीटी यंत्रात सीटी झाल्यावर रुग्णाने मान वळवली असेल, तर क्षीणनाची (शरीरात शोषल्या गेलेल्या किरणांची) दुरुस्ती चुकीच्या जागी लागलेली असते. एका बाजूच्या कडेला खोटी मंदता दिसते, आणि नंतर कितीही सुरेख जुळवणी केली तरी ती तिथेच राहते. त्यासाठी पेटची पुनर्रचनाच नव्याने करून घ्यावी लागते.

५. सुरुवात कुठून

दोन्ही स्कॅनची वजनकेंद्रे एकावर एक आणणे ही नेहमीची सुरुवात. अँट्समध्ये सुरुवातीच्या पर्यायात १ हा आकडा तेच सांगतो. ० म्हणजे दृश्यक्षेत्राची भूमितीय केंद्रे, २ म्हणजे हेडरमधले आरंभबिंदू. सीटी-एमआरआयमध्ये वजनकेंद्र कधी कधी फसवते, कारण सीटीत हाड जड आणि एमआरआयमध्ये चरबी व मेंदू जड. मान एका स्कॅनमध्ये जास्त असेल तर हे केंद्र आणखी खाली घसरते. फरक २०-३० मिमीचा आणि कोन १५-२० अंशांपर्यंतचा असेल तर पुढचे गणित बहुधा सावरून घेते. डोके आडवेच असेल तर सावरत नाही.

फ्लर्ट सुरुवातीला स्वतःच कोन चाचपते, आणि मुळातच त्याचा आवाका प्रत्येक अक्षाभोवती −९०° ते ९०° असतो. दोन्ही हेडर ठीक असतील तर तो ±३०° वर आणा. वेळ वाचतो, आणि डोके उलटे बसण्यासारखे विनोदी निकालही टळतात. सगळेच फसले तर थ्रीडी स्लायसरमध्ये हाताने अंदाजे बसवा, ते मॅट्रिक्स सुरुवात म्हणून द्या आणि पुढचे यंत्रावर सोपवा. यात कमीपणा काही नाही.

६. सहा आकडे पुरेत

एकाच व्यक्तीची कवटी दोन स्कॅनच्या मध्ये वाढत नाही. तीन दिशांना सरक आणि तीन अक्षांभोवती फिरणे, असे सहा आकडे बास. याला रिजिड जुळवणी म्हणतात. बारा आकड्यांची अफाइन जुळवणी ताणते आणि कलवतेही, आणि तिच्याने ‘जास्त चांगले बसले’ असे दिसले तर आनंद मानू नका. तो ताण बहुतेक वेळा आधीच्या एखाद्या चुकीचा असतो: कापांचे अंतर हेडरमध्ये चुकलेले, तिरपेपणा काढायचा राहिलेला, किंवा काप गळालेले. बारा आकडे ही चूक लपवतात. आम्ही अफाइन मुद्दाम चालवतो ते केवळ तपासणीसाठी. तिने एखाद्या दिशेला २-३ टक्क्यांपेक्षा जास्त ताण सुचवला की हेडरकडे परत जायचे.

साधनांचे डीफॉल्ट इथे तुमच्या बाजूने नाहीत. फ्लर्ट काही न सांगता चालवले तर १२ आकडे घेते, म्हणून डीओएफ (बदलता येणाऱ्या आकड्यांची संख्या) ६ असे स्पष्ट लिहा. अँट्सची तयार सिन स्क्रिप्ट काही न सांगता चालवली तर रिजिड, अफाइन आणि वर लवचीक (जागोजागी वेगळी ताणणारी) जुळवणीही करते. तिला प्रकार म्हणून रिजिडचे ‘आर’ अक्षर द्यावे लागते.

लवचीक जुळवणी कधी? कवटी उघडल्यावर मेंदू खचतो, आत हवा शिरते. शस्त्रक्रियेनंतरच्या सीटीत मेंदूचा पुढचा भाग त्यामुळे मागे ढकललेला दिसतो. तिथे रिजिड अपुरी पडते. तसेच ईपीआय पद्धतीच्या एमआरआयमध्ये, म्हणजे बहुतेक फंक्शनल आणि डिफ्यूजन स्कॅनमध्ये, नाकाच्या आणि कानाच्या पोकळ्यांजवळ प्रतिमा एकाच दिशेला अनेक मिलिमीटर ओढली जाते. त्यावर पहिला उपाय फील्ड मॅप (चुंबकीय क्षेत्रातल्या फरकांचा नकाशा) किंवा उलट्या दिशेने घेतलेला जोड स्कॅन. लवचीक जुळवणी हा त्यानंतरचा नाइलाज.

७. कोणता मापदंड

एकाच प्रकारच्या दोन स्कॅनमध्ये आकड्यांची वजाबाकी करून चालते. सीटी आणि एमआरआयमध्ये ती निरर्थक आहे, कारण हाड इकडे पांढरे, तिकडे काळे. १९९० च्या दशकाच्या मध्यावर व्हायोला व वेल्स आणि बेल्जियममधल्या लूव्हेनचा गट यांनी स्वतंत्रपणे एकच वाट काढली, म्युच्युअल इन्फर्मेशन. कल्पना अशी: रंग सारखे असण्याची गरज नाही, फक्त नाते सुसंगत हवे. एका प्रतिमेतला आकडा कळल्यावर त्याच जागचा दुसऱ्या प्रतिमेतला आकडा किती खात्रीने सांगता येतो, तेवढे गुण. जुळवणी बरोबर असते तेव्हा दोन्हींच्या आकड्यांचा संयुक्त हिस्टोग्राम मोजक्या ठिपक्यांत गोळा होतो. चुकली की तो विखुरतो. सूत्रात सांगायचे तर दोन्ही प्रतिमांच्या स्वतंत्र एन्ट्रॉपींची (अनिश्चिततेच्या मापांची) बेरीज वजा संयुक्त एन्ट्रॉपी.

यात एक उणीव राहते. दोन प्रतिमांचा एकमेकांवर पडणारा भाग बदलला की गुणही बदलतात, मग जुळवणी सुधारली नसली तरी. १९९९ मध्ये स्टडहोम, हिल आणि हॉक्स यांनी बेरजेला संयुक्त एन्ट्रॉपीने भागण्याचे नॉर्मलाइज्ड रूप सुचवले. दृश्यक्षेत्रे खूप वेगळी असतील, उदाहरणार्थ सीटीत फक्त डोक्याचा वरचा भाग असेल, तर तेच घ्या. एसपीएममध्ये ते मुळातच लावलेले असते. फ्लर्टचा डीफॉल्ट कोरिलेशन रेशो आहे. सीटी-एमआरआयसाठी त्याऐवजी नॉर्मलाइज्ड म्युच्युअल इन्फर्मेशन निवडून पाहावे.

हे गणित थेट पूर्ण बारकाईवर सुरू केले तर ते एखाद्या जवळच्या खोट्या खड्ड्यात, म्हणजे चुकीच्या उत्तरात, अडकते. म्हणून आधी प्रतिमा भरड करून मोठ्या चुका काढायच्या, मग हळूहळू बारीक. अँट्ससाठी सुरुवातीला हे आकडे धरा: ३२ कप्पे, नियमित अंतराने २५ टक्के व्हॉक्सेलचे नमुने, पायरीचा आकार ०.१, चार पातळ्यांवर ८, ४, २ आणि १ पटीने भरड, स्मूदिंग ३, २, १ आणि ० व्हॉक्सेल, फेऱ्या १०००, ५००, २५० आणि १००. एमआरआयच्या दोन्ही टोकांचे ०.५ टक्के आकडे छाटून टाका, रक्तवाहिन्यांतले चमकते ठिपके त्याने शांत होतात. एसपीएमचे ४ आणि २ मिमी नमुना-अंतर डोक्यासाठी सहसा बदलावे लागत नाही.

तुमच्या कॉम्प्युटरवर दरवेळी किंचित वेगळे उत्तर आले तर दचकू नका. नमुने यादृच्छिक घेतले असतील किंवा अनेक थ्रेड चालू असतील तर असे होते. फरक शंभरांश मिलिमीटरात असेल तर सोडून द्या. अर्ध्या मिलिमीटरवर गेला तर जुळवणी डळमळीत आहे.

८. मॅट्रिक्स लावणे

इथल्या चुका कंटाळवाण्या पण नेहमीच्या.

एकदाच नमुनित करा. पेट ते सीटी आणि सीटी ते टी१ अशी दोन मॅट्रिक्स असतील तर आधी त्यांचा गुणाकार करा आणि प्रतिमा एकदाच हलवा. दरवेळी हलवताना ती थोडी धूसर होते. क्रमही सांभाळा: अँट्सला यादीत शेवटी दिलेले रूपांतर आधी लागू होते.

इंटरपोलेशन, म्हणजे मधल्या जागचा आकडा अंदाजण्याची पद्धत, निवडताना प्रतिमेत काय आहे ते पाहा. साध्या प्रतिमेला रेषीय पुरते. लेबल असलेल्या प्रतिमेला, म्हणजे ज्यात ३ म्हणजे गाठ आणि ७ म्हणजे सूज असे काही असते, जवळच्या शेजाऱ्याची पद्धतच हवी, नाहीतर ३ आणि ७ च्या सीमेवर ५ क्रमांकाचा भलताच अवयव उगवतो. धारदार सिंक पद्धत सीटीत धातूच्या आणि हाडाच्या कडेला लहरी उठवते.

एका साधनाचे मॅट्रिक्स दुसऱ्यात तसेच टाकू नका. फ्लर्टचे मॅट्रिक्स हेडरच्या जागतिक निर्देशांकांत नसते. ते व्हॉक्सेलच्या मापाने मोजलेल्या त्याच्या स्वतःच्या चौकटीत असते. अँट्सचे रूपांतर स्थिर प्रतिमेतल्या बिंदूकडून हलणाऱ्या प्रतिमेकडे जाते, म्हणून बिंदूंची यादी न्यायची असेल तर प्रतिमेसाठी वापरले त्याच्या उलटे रूपांतर लागते. त्याचे बिंदू शिवाय डायकॉमच्या अक्षांत असतात. पहिल्या दोन निर्देशांकांची चिन्हे विसरलात तर बिंदू डोक्याच्या पलीकडच्या बाजूला जाऊन पडतो.

एसपीएममध्ये फक्त ‘एस्टिमेट’ चालवले तर नवी फाइल होत नाही, हलणाऱ्या फाइलचे हेडरच बदलते. मूळ फाइलची प्रत ठेवूनच चालवा. त्याच पेटच्या इतर फ्रेम किंवा लेबल ‘इतर प्रतिमा’च्या रकान्यात द्यायला विसरलात तर त्या जुन्या जागीच राहतात.

९. डोळ्यांनी तपासणे

व्हँडरबिल्ट विद्यापीठाच्या पुढाकाराने १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तुलनेत शस्त्रक्रियेच्या रुग्णांच्या कवटीत रोवलेल्या खुणा हे खरे उत्तर धरले होते. त्या खुणा प्रतिमांतून पुसून स्कॅन निरनिराळ्या गटांना दिले गेले आणि प्रत्येकाची पद्धत झाकल्या डोळ्यांनी पारखली गेली. बहुतेक वेळा निकाल समाधानकारक आले, पण अधूनमधून मोठी चूक होतेच, म्हणून नजरेने तपासल्याशिवाय वापरू नये, असाच तिथला निष्कर्ष होता. अजूनही तो लागू आहे.

तपासायला दोन्ही स्कॅन दर्शकात एकावर एक ठेवा आणि पारदर्शकता मागेपुढे करा. नुसता रंगीत थर टाकून समाधान मानू नका, धूसर रंगाखाली ५ मिमीची चूकही लपते. एका प्रतिमेच्या कडा काढून दुसरीवर ठेवणे आणि बुद्धिबळाच्या पटासारखे चौकोन आलटूनपालटून दाखवणे, या दोन पद्धती खऱ्या उपयोगाच्या. तिन्ही छेद पाहा. आडवे काप सुंदर दिसत असताना डोके पुढे-मागे झुकलेले असू शकते, ते फक्त बाजूच्या छेदात कळते.

नजर पोकळ्यांच्या कडांवर, डोळ्यांच्या गोलांच्या मागच्या भागावर, मेंदूच्या तळाशी आणि कवटीच्या आतल्या कडेवर फिरवा. सीटीत पाइनल ग्रंथीतला चुना पांढऱ्या ठिपक्यासारखा दिसतो, त्याने मधली रेषा पक्की होते. डोळे हलतात आणि चरबी एमआरआयमध्ये किंचित सरकून दिसते, म्हणून बुबुळाची दिशा किंवा टाळूची बाहेरची कड जुळली नाही तर लगेच जुळवणीला दोष देऊ नका. केंद्र जुळते पण कडा सुटतात, असे दिसले तर चूक फिरण्यात आहे: केंद्रापासून ८० मिमीवर १ अंशाची चूक १.४ मिमीची सरक देते.

आकडा हवा असेल तर दोन्ही स्कॅनवर आठदहा शारीर खुणा स्वतंत्रपणे टिपा आणि जुळवणीनंतर त्यांच्यातले अंतर मोजा. खुणा आपण जुळवणीसाठी वापरल्या असतील तर मात्र त्यांच्यावरची चूक पुरावा म्हणून धरता येत नाही. ती कमी असूनही ज्या जागेशी आपले काम आहे तिथली चूक मोठी असू शकते. पातळ सीटी आणि १ मिमी टी१ यांच्यात मेंदूच्या आत १-२ मिमीच्या आत राहणे जमते. पेटमध्ये २-३ मिमी समाधानकारक धरावे.

१०. स्कॅन शेकड्यांनी असतील तेव्हा

प्रत्येक जोडीसाठी तीन छेदांचे, कडा उमटवलेले एक छोटे चित्र आपोआप बनवा आणि ती चित्रे भराभर चाळा. सवय झाली की एका चित्राला काही सेकंद पुरतात. म्युच्युअल इन्फर्मेशनच्या आकड्याला एकच उंबरठा लावून नापास-पास ठरवू नका, कारण तो यंत्र, कापांची जाडी आणि दृश्यक्षेत्रानुसार बदलतो. एकाच यंत्रावरच्या स्कॅनच्या गटात जे आकडे वेगळे पडतील ते आधी उघडा, एवढाच त्याचा उपयोग.

याहून भरवशाच्या दोन चाचण्या आहेत. पहिली: हलणारी प्रतिमा मुद्दाम १० मिमी आणि १०° हलवून पुन्हा जुळवा, असे वेगवेगळ्या दिशांनी पाचसहा वेळा. सगळी उत्तरे अर्ध्या मिलिमीटरच्या आत एकत्र आली तर खड्डा खोल आणि एकच आहे. दुसरी, तीन प्रकारचे स्कॅन असतील तर: पेट ते सीटी, सीटी ते टी१ आणि टी१ ते पेट अशी तीन मॅट्रिक्स स्वतंत्रपणे काढून गुणाकार करा. उत्तर एकक मॅट्रिक्सच्या (काहीच न हलवणाऱ्या मॅट्रिक्सच्या) जवळ यायला हवे. मेंदूच्या कडेच्या बिंदूंना हा गुणाकार लावून ते किती सरकतात ते मिलिमीटरात मोजा. सरक मोठी आली तर तिघांपैकी एक दुवा खोटा आहे, आणि तो बहुधा पेट-सीटीचा असतो. दोन्ही चाचण्या उलट्या झालेल्या डाव्या-उजव्याला पकडत नाहीत. त्यासाठी तिसऱ्या टप्प्यातली खूणच पाहावी लागते.

नापास झालेल्या जोडीवर आकडे बदलत बसण्याआधी या क्रमाने पाहा: सीरिज बरोबर आहे का, तिरपेपणा निघाला का, मान आणि टेबल कापले का, सीटी ० ते १०० मध्ये दाबला का, सुरुवातीची जागा ठीक आहे का. इतके होऊनही बसत नसेल तर दोन्ही फायलींमधला रुग्ण एकच आहे ना, हे कपाळातल्या हवेच्या पोकळ्यांचा आकार ताडून पाहा. प्रत्येक माणसात तो वेगळा असतो.